हॉस्पिटलात, पण कमीत कमी हस्तक्षेपाचं बाळंतपण: तयारी कशी करायची?

कळा भरात आल्या की बाईला धड एक वाक्य बोलता येत नाही. अशा वेळी सलाइन हवं की नको, काप (बाळ बाहेर येताना वाट मोठी करायला योनीच्या तोंडाशी देतात तो छेद) द्यायचा की थांबायचं, यावर डॉक्टरांशी चर्चा कुठून होणार? म्हणून 'शक्यतो औषधं, सलाइन, काप यांच्याशिवाय बाळंत व्हायचंय' असं मनात असेल तर ते ठरवायची जागा ओपीडी आहे, आणि वेळ सातवा-आठवा महिना. पहिलटकरणींसाठी आणि लेबर रूममध्ये त्यांच्यासोबत थांबणाऱ्या माणसासाठी ही तयारी क्रमाने देते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हॉस्पिटलात जे जे केलं जातं त्यातलं काही गरजेपोटी होतं आणि काही सवयीपोटी. बाळाचे ठोके उतरत गेले म्हणून केलेलं सिझेरियन ही गरज. दाखल झालेल्या प्रत्येकीला आल्या आल्या सलाइन, प्रत्येक पहिलटकरणीला काप, ही सवय. आपल्याला कमी करायची आहे ती सवय. गरजेला हात लावायचा नाही. त्यासाठीच तर हॉस्पिटलात जातोय.

पायरी १: आपली केस यात बसते का?

एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, बीपी आणि साखर ताब्यात, वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर नाही आणि आधी सिझेरियन झालेलं नाही. एवढं असेल तर पुढचं बहुतेक सगळं तुम्हाला लागू पडेल.

जुळं असेल, बीपी वाढलेलं असेल, इन्शुलिन चालू असेल तर देखरेख जास्त राहणार, आणि ती राहू द्यावी. सोबतीचा माणूस, हालचालीची मोकळीक, जन्मानंतर बाळ छातीवर, या गोष्टी तेव्हाही मागता येतात.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत 'वार खाली आहे' असं लिहिलं असेल तर लगेच घाबरू नका. पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. नंतरच्या सोनोग्राफीत पुन्हा बघतात. बाळ पायाळू असेल तर ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास पोटावरून हातांनी बाळ फिरवून बघता येतं. साधारण निम्म्या वेळा ते जमतं. हे करणारे डॉक्टर आहेत का, हे चौतिसाव्या आठवड्यातच विचारून ठेवा. अडतिसाव्यात विचारून उपयोग होत नाही. आधी सिझेरियन झालेलं असेल तरी पुढचं बाळंतपण खालून होऊ शकतं. पण पिशवीवरचा जुना टाका उसवण्याचा धोका साधारण २०० जणींत एकीला असतो, म्हणून तिथे बाळाचे ठोके सतत बघत राहणं योग्यच आहे.

आणखी एक, जे या विषयात कुणी बोलत नाही: हिमोग्लोबिन. ते ११च्या खाली असेल तर आत्तापासून वर आणा. अंगात रक्त पुरेसं असलं की बाळंतपणातला नेहमीचा रक्तस्राव शरीर सोसतं. नसलं की थोड्या रक्तस्रावानेही सगळ्यांची धावपळ होते आणि हस्तक्षेप आपसूक वाढतात. लोहाच्या गोळ्या वेळेवर घेणं हाही या बेताचा भाग आहे, दिसायला कितीही साधा असला तरी.

पायरी २: हॉस्पिटल आणि डॉक्टर

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. ज्या हॉस्पिटलात सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात तिथे तुमचा सुंदर टाइप केलेला कागद फाइलमध्ये लागतो आणि तिथेच राहतो.

'तुम्ही नॉर्मलसाठी प्रयत्न करता ना?' हा प्रश्न विचारू नका. 'नाही' कोण म्हणणार? नेमकं विचारा. पूर्ण दिवसांच्या, एकच बाळ आणि डोकं खाली असलेल्या पहिलटकरणींमध्ये सिझेरियन किती जणींचं होतं? हॉस्पिटलचा नुसता सरसकट आकडा फसवा असतो, कारण मोठ्या हॉस्पिटलांत अवघड केसेस जास्त येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून सिझेरियनचे आकडे असे गट पाडून मोजायला सांगितलंय ते यासाठीच. त्यानंतर विचारा: सोबतीचा माणूस पूर्ण वेळ आत थांबू शकतो का? कळांमध्ये चालता येतं का? पाठीवर न झोपता बाळंत होता येतं का? रात्री दोन वाजता मी आले तर माझ्याजवळ नक्की कोण असेल?

उत्तरात काय आहे याइतकंच ते कसं दिलं जातं हेही बघा. 'काप किती जणींना लागतो?' या प्रश्नावर एके ठिकाणी ऐकू येईल, 'पहिल्या वेळी द्यावाच लागतो, नाहीतर फाटतं.' दुसऱ्या ठिकाणी, 'ठोके उतरले किंवा चिमटा (फोर्सेप्स) लावायची वेळ आली तर देतो, एरवी नाही.' दुसऱ्या डॉक्टरांनी कारणं मोजून सांगितली. त्यांच्याशी पुढची बोलणी होऊ शकतात. 'त्या वेळी बघू, तुम्ही कशाला टेन्शन घेता' हेही उत्तरच आहे, आणि त्याचा अर्थ तुम्हाला कळलाच असेल.

ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय चोवीस तास आहे का, हे मात्र नक्की विचारा. कमी हस्तक्षेप हवा असणाऱ्या बऱ्याच जणी हा प्रश्न टाळतात, जणू तो विचारला की सिझेरियन ओढवून घेतलं. खरं तर ज्या डॉक्टरांना दहा-पंधरा मिनिटांत थिएटर मिळू शकतं ते आणखी तासभर निवांत थांबू शकतात. ज्यांना सगळी माणसं बाहेरून बोलवावी लागतात ते लवकर निर्णय घेतात, आणि त्यांच्या जागी आपणही तेच केलं असतं.

पायरी ३: एका पानाचा बेत

बत्तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात एक कागद लिहा. एकच पान. इंटरनेटवरचे चार पानी नमुने कुणी वाचत नाही. ड्यूटी बदलल्यावर आलेल्या सिस्टरला अर्ध्या मिनिटात वाचता आला तरच कागदाचा उपयोग. सूरही महत्त्वाचा. 'माझ्या परवानगीशिवाय काहीही करू नये' असं वाचून समोरचा माणूस आखडतो. असं लिहिता येईल:

'माझी तब्येत आणि बाळ ठीक असेपर्यंत कळा आपल्या वेगाने होऊ द्याव्यात अशी विनंती. सलाइनची गरज नसेल तर हाताला फक्त सुई लावून ठेवावी. पाणी प्यायला, हलकं खायला आणि चालायला मोकळीक असावी. ठोके अधूनमधून तपासावेत. गरजेशिवाय पाणी फोडू नये, काप देऊ नये. जोर देताना मला सोयीची स्थिती घेऊ द्यावी. नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी. बाळ ठीक असेल तर लगेच माझ्या छातीवर द्यावं. काही बदलावं लागलं तर कारण मला आणि माझ्या सोबतच्या माणसाला सांगावं.'

यातलं काहीच जगावेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या बाळंतपणाविषयीच्या शिफारशींत यातलं बहुतेक सगळं आहे. निरोगी बाईला कळांमध्ये खाऊपिऊ द्यावं, हिंडूफिरू द्यावं, तिच्या पसंतीचा माणूस जवळ असावा, सरसकट काप देऊ नये, केस काढणं आणि एनिमा नेहमीचा भाग म्हणून करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. डॉक्टरांसमोर हे फडकवायची गरज नाही. पण आपण काही भलतंच मागत नाही आहोत, एवढी खात्री मनाशी असू द्या.

कागद डॉक्टरांसमोर बसून वाचा. ज्या ओळीवर ते थांबतील ती महत्त्वाची. 'हे आमच्याकडे जमत नाही' असं आत्ता कळलं तर बरंच. सहा आठवडे हातात आहेत. बोलून जे ठरेल ते फाइलमध्ये लिहायला सांगा आणि एक प्रत बॅगेत ठेवा.

पायरी ४: कळा आणायच्या की वाट बघायची?

सगळा बेत बहुधा इथे वळण घेतो. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. तारीख उलटली की घरचे फोन सुरू होतात, आणि चाळिसाव्या आठवड्यात 'उद्या ॲडमिट व्हा, इंड्यूस करू' ऐकू येतं.

कळा औषधाने आणल्या की एकामागून एक गोष्टी येतात. ऑक्सिटोसिनचं ड्रिप लागलं की ठोके सतत बघावे लागतात. त्यासाठी पोटाला पट्टे येतात, पट्टे आले की चालणं कमी होतं. या कळा अनेकींना जास्त कडक वाटतात, मग वेदना थांबवायचं औषध लागतं. हे सगळं सुरक्षित असू शकतं, पण ते कमी हस्तक्षेपाचं बाळंतपण राहत नाही.

तरीही 'इंडक्शन म्हणजे सिझेरियनच' ही समजूत सोडून द्या. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्या निरोगी पहिलटकरणींत सिझेरियनचं प्रमाण १८.६ टक्के होतं आणि वाट बघणाऱ्यांत २२.२ टक्के. शिवाय ४१ आठवडे उलटले की बाळ पोटात दगावण्याचा धोका हळूहळू वाढतो, म्हणून तेव्हा कळा आणाव्यात अशीच शिफारस आहे. बीपी वाढलं, पाणी जाऊन बराच वेळ झाला आणि कळा नाहीत, बाळाची वाढ खुंटली, ही कारणं खरी आहेत. एकेचाळीस पूर्ण व्हायच्या आत, तुमचं आणि बाळाचं सगळं ठीक असताना इंडक्शन सुचवलं तर मात्र विचारा: 'कारण कोणतं? पिशवीचं तोंड किती तयार आहे? दोन दिवस थांबून ठोके आणि पाणी पुन्हा तपासले तर चालेल का?' तोंड मऊ झालेलं असेल तर कळा आणणं सोपं जातं. कडक आणि बंद असेल तर आधी ते तयार करायला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ हॉस्पिटल देणार का हेही विचारून घ्या.

पायरी ५: सराव

३५व्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा स्वच्छ हातांनी, साध्या तेलाने योनीमार्गाच्या खालच्या बाजूला आतून हलका ताण देत मसाज केला तर पहिलटकरणींमध्ये काप लागण्याचं प्रमाण कमी होतं. सुरुवातीला विचित्र वाटतं. खाली संसर्ग असेल किंवा वार खाली असेल तर करू नका.

दुसरा सराव सोबतीचा. नवरा, बहीण, आई, मैत्रीण, कुणीही चालेल. अट इतकीच, की घाबरून तुम्हालाच धीर द्यायला लावणारं माणूस नको. सतत जवळ कुणी असणं ही या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त तपासलेली गोष्ट आहे: अशा बायकांमध्ये सिझेरियन कमी होतं, वेदनेची औषधं कमी लागतात आणि बाळंतपण थोडं लवकर आटोपतं.

पण सोबतीने नुसतं हात धरून बसायचं नाही. एक गोष्ट घरीच शिकून घ्या. बाईने पलंगाच्या कडेवर हात टेकून पुढे वाकायचं. सोबतीने मागे उभं राहून कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट त्रिकोणी हाडावर तळव्याचा टाचेकडचा भाग ठेवायचा. कळ सुरू झाली की कोपर सरळ ठेवून अंगाच्या वजनाने दाबायचं, कळ ओसरेपर्यंत सोडायचं नाही. चोळायचं नाही, नुसता स्थिर दाब. किती जोर हवा ते बाई सांगेल, आणि बहुधा 'अजून' असंच सांगेल. कळा पाठीतून येणाऱ्यांना याने जो आराम पडतो तो बघण्यासारखा असतो. दाबणाऱ्याचे हात दुखतात. म्हणून शक्य असेल तर आळीपाळीने करायला दोघं असावीत.

पायरी ६: घरून कधी निघायचं?

लवकर दाखल झालं की घड्याळ लवकर सुरू होतं. पहिलटकरणीला सुरुवातीच्या हलक्या कळा कित्येक तास, कधी दिवसभरही राहतात. तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की खरा वेग येतो असं आता मानतात. त्याआधी लेबर रूममध्ये पडून राहिलं की 'प्रगती होत नाही' हे शब्द कानावर येणार. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना नियम प्रत्येकीला लागू पडत नाही, आणि नुसतं तेवढ्यावरून घाई करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीही सांगतात.

म्हणून सगळं ठीक असेल तर घरी राहा. खा, झोपा, गरम पाण्याने अंघोळ करा. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललेलं असलं की निघा. हॉस्पिटल लांब असेल किंवा दुसरं बाळंतपण असेल तर याच्याही आधी.

मात्र यातलं काही दिसलं तर कळा मोजत बसायचं नाही, तडक निघायचं: लाल रक्त जाणं, पाण्याचा रंग हिरवा किंवा तपकिरी असणं, बाळाची हालचाल कमी होणं, जोरात डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, ताप, दोन कळांमध्ये पोट सैल न होता दुखतच राहणं. पाणी गेलं आणि कळा नसल्या तरी फोन करून जाऊन या. पाण्याबरोबर नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे-कोपरांवर ओणवं होऊन कंबर वर ठेवा आणि गाडीत बसवून नको, डाव्या कुशीवर झोपवून, कमरेखाली उशी देऊन न्यायला सांगा.

पायरी ७: लेबर रूममध्ये

कागद सिस्टरांच्या हातात द्या, नाव विचारा, हसून बोला. पुढचे काही तास त्याच तुमच्याजवळ असणार आहेत. डॉक्टर बहुधा शेवटी येतात.

ठोक्यांबद्दल: कमी धोक्याच्या केसमध्ये दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर देताना दर ५ मिनिटांनी, मिनिटभर ऐकले तर पुरतं. सतत मशीन लावल्याने बाळाला जन्मानंतर झटके येण्याचं प्रमाण कमी होतं, पण मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर कायमचा परिणाम होणं) यांत फरक दिसलेला नाही. सिझेरियन मात्र वाढतं. दाखल होताना वीस मिनिटं मशीन लावायचा आग्रह असेल तर त्यावरून ताणू नका. नंतर काढायला सांगा.

आतून तपासणी साधारण चार तासांनी एकदा पुरते. दर ड्यूटीला नव्याने नको, विशेषतः पाणी गेलेलं असेल तर, कारण प्रत्येक तपासणीने संसर्गाचा धोका वाढतो. चाला, ओणव्या व्हा, बॉलवर बसा, कमरेवर गरम पाणी घ्या. उभं-बसतं राहिल्याने पहिला टप्पा सरासरी तासाभराने तरी लवकर संपतो.

काही नवीन सुचवलं गेलं, मग ते पाणी फोडणं असो की ड्रिप, तर सोबतीच्या माणसाने शांतपणे विचारायचं: याने काय साधेल? धोका कोणता? दुसरं काही करता येईल? आणि अर्धा तास थांबलो तर? 'थांबता येणार नाही' असं उत्तर आलं तर तिथे चर्चा संपली, होकार द्या. खऱ्या तातडीत खोलीतली हालचालच सांगते. बहुतेक वेळा मात्र 'ठीक आहे, तासाभराने बघू' असंच होतं, आणि तो तास पुष्कळदा पुरतो.

वेदना सहन होईनाशा झाल्या तर एपिड्युरल (पाठीतून दिलेलं वेदना थांबवायचं औषध) घ्या. बेतात नव्हतं म्हणून दात-ओठ खात राहायचं कारण नाही. त्याने सिझेरियन वाढत नाही. जोर द्यायचा टप्पा थोडा लांबू शकतो आणि चालणं थांबतं.

पायरी ८: जोर देताना आणि त्यानंतर

तोंड पूर्ण उघडलं तरी जोराची भावना यायला वेळ लागू शकतो. ती आली की जोर द्या, ओरडून सांगितलेल्या आकड्यांवर नाही. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासांपर्यंत वेळ लागणं नेहमीच्या मर्यादेत धरतात. कुशीवर, गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसून बघा. डोकं दिसू लागलं की खाली गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाची घडी धरायला सांगा. मोठं फाटणं त्याने कमी होतं. पोट वरून दाबून बाळ ढकलणं मात्र सोबतीने स्पष्टपणे थांबवावं. त्याची शिफारस कुठेही नाही, आणि त्याने इजा होऊ शकते.

बाळ आल्यावर दंडात किंवा मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. हे नाकारू नका. वार पडल्यावरचा जास्त रक्तस्राव त्याने कमी होतो, आणि सगळं बाळंतपण विनाऔषधाचं झालेल्या बाईलाही तो होऊ शकतो. बाळाचं व्हिटॅमिन के इंजेक्शनही असंच. नाळ उशिरा कापणं, बाळ उघड्या छातीवर घेणं, पहिल्या तासात पाजणं, हे दोन्ही इंजेक्शनांबरोबर व्यवस्थित जमतं. वजन, मोजमाप तासाभराने होऊ शकतं, आणि अंघोळ चोवीस तासांनी.

सिझेरियन झालंच तर

कागदाच्या मागच्या बाजूला चार ओळी यासाठीही लिहून ठेवा: शक्य असेल तर कमरेतून भूल, सोबतीचा माणूस डोक्याशी, बाळ रडलं की गालाशी किंवा छातीवर, आणि तुम्हाला टाके घालत असतील तेवढा वेळ बाळ सोबतीच्या उघड्या छातीवर. घाईच्या सिझेरियनमध्ये यातलं थोडंच होईल, ठरवून केलेल्यात बहुतेक सगळं होऊ शकतं.

डिस्चार्जच्या दिवशी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. त्यात सिझेरियनचं कारण आणि पिशवीवरचा छेद आडवा की उभा हे लिहिलेलं आहे ना ते तिथेच वाचून घ्या. पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही, आणि पुढच्या वेळी खालून प्रयत्न करता येईल का हे सांगताना डॉक्टर आधी तोच कागद मागतील.